पहिलं वर्ष धरत नाहीत



इंग्लंडमध्ये पदवीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलामुलींच्या कानावर पहिल्याच आठवड्यात एक वाक्य पडतं : "पहिलं वर्ष धरत नाहीत." बहुतेक युनिव्हर्सिट्यांत पहिल्या वर्षाचे गुण पदवीच्या श्रेणीत मिळवत नाहीत. ४० गुण घेऊन पास झालं की पुढच्या वर्षात जाता येतं. फर्स्ट मिळणार की सेकंड, हे पुढच्या वर्षांच्या गुणांवर ठरतं. नवीन शहरात, नवीन पद्धतीत मुलांना चुकायला थोडी जागा मिळावी, हा त्यामागचा हेतू आहे आणि तो चांगलाच आहे.

मी यंदा ते वर्ष पूर्ण केलं. विषय अर्थशास्त्र. या लेखात तुमच्यापुढे एकच प्रश्न ठेवायचा आहे. जे कोणी धरत नाही, ते आपणही धरायचं नाही का? आणि एखादा माणूस वर्षभरात वाढला, सुधारला, हे नेमकं कशावरून ओळखायचं?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडला नाही. मे महिन्यात आम्हाला एक निबंध लिहायचा होता. पहिल्या वर्षात तुमची वैयक्तिक आणि शैक्षणिक वाढ कशी झाली, यावर १५०० शब्द. शिक्षकांनी दिलेल्या सूचनांचा तुम्ही कसा उपयोग केला, याचं एक उदाहरण द्यायचं. असे निबंध इथे बऱ्याच कोर्सना असतात. तुमच्या घरातलं कोणी युनिव्हर्सिटीत असेल तर त्यानेही असा एखादा लिहिला असेल.

मी लिहिलं ते असं. नोव्हेंबरात पहिल्या निबंधाला ५२ गुण पडले. वाईट वाटलं. मग मी सरांच्या सूचना बारकाईने वाचल्या, त्यांना भेटले, माझा युक्तिवाद कुठे कच्चा आहे ते समजून घेतलं, आणि मार्चमध्ये दुसऱ्या निबंधाला ६४ गुण मिळवले. अपयशातून शिकले. या लेखनाला मला ७१ गुण मिळाले. इथे ७० च्या वर म्हणजे फर्स्ट. खाली शेरा होता की आत्मपरीक्षण प्रामाणिक आहे.

त्यातलं ५२ खरं होतं आणि ६४ खरं होतं. मधलं सगळं खोटं होतं. सरांच्या सूचनांची फाईल मी एप्रिलपर्यंत उघडलीही नव्हती, कारण उघडायची भीती वाटत होती. त्यांना मी कधी भेटले नाही. ६४ गुण कसे आले? तिसऱ्या वर्षातल्या एका मैत्रिणीने तिचा जुना निबंध मला "नुसता बघायला" दिला होता. मी त्याचा सांगाडा उचलला. कोणता मुद्दा आधी, कोणता नंतर, कोणती पुस्तकं आणि लेख वापरायचे, हे सगळं तिचं. वाक्यं मात्र माझी. त्यामुळे नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला काहीच सापडलं नाही.

आणि घरी? घरी मी ५२ हा आकडा सांगितलाच नव्हता. आईने फोनवर विचारलं तेव्हा "चांगलं झालं" एवढंच म्हणाले. इथे ६० म्हणजे चांगले गुण, हे आई-बाबांना नीट पटलेलं नाही. त्यांचा हिशेब अजून नागपूरच्या दहावी-बारावीचा आहे. ५२ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर नापास होता होता वाचलेलं मूल येतं. ते समजावून सांगण्यापेक्षा न सांगणं सोपं होतं. शिवाय पहिलं वर्ष धरत नाहीतच.

तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? एक निबंध, एक फोन. मलाही तसंच वाटत होतं. जूनच्या पहिल्या रविवारपर्यंत.

आपल्या बालधम्मवर्गाला सुट्टीत शिकवायची पाळी माझी होती. विषय मीच निवडला, कारण तो सोपा वाटला : मज्झिम निकायातला राहुलाला केलेला उपदेश, अंबलट्ठिक-राहुलोवाद सुत्त. परंपरा सांगते की राहुल तेव्हा सात वर्षांचा होता. भगवान बुद्ध संध्याकाळी त्याच्याकडे आले. राहुलाने आसन मांडलं, पाय धुवायला पाणी ठेवलं. पाय धुऊन झाल्यावर भगवंतांनी भांड्यात थोडंसं पाणी शिल्लक ठेवलं आणि राहुलाला दाखवलं. जाणूनबुजून खोटं बोलताना ज्याला लाज वाटत नाही, त्याचं श्रमणपण या पाण्याइतकं थोडं, असं सांगितलं. मग ते पाणी फेकून दिलं. मग भांडं उपडं केलं. मग सरळ करून त्याचा रिकामेपणा दाखवला. दर वेळी एकच गोष्ट, एकेक पायरी पुढची.

मी घरून स्टीलचा तांब्या नेला होता. पाणी ओतलं, थोडं ठेवलं, फेकलं, तांब्या उपडा केला, सरळ केला. मुलांना मजा वाटली. तेवढ्यात एका आठ वर्षांच्या मुलाने हात वर केला आणि विचारलं, "ताई, मग तो तांब्या परत भरता येत नाही का?"

मला उत्तर देता आलं नाही. "पुढच्या रविवारी सांगते," म्हणाले. वर्ग संपल्यावर सतरंज्या घड्या करताना हात थरथरत होते. सहा वर्षांच्या मुलांना मी मुसावादाचा धडा देत होते, आणि माझ्या नावावर ७१ गुण होते, प्रामाणिकपणाबद्दल.

त्या आठवड्यात मी ते सुत्त पहिल्यांदा पूर्ण वाचलं. आपल्यापैकी पुष्कळांना तांब्याची गोष्ट माहीत असते. पुढचा अर्धा भाग फारसा सांगितला जात नाही. त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

भगवंत राहुलाला विचारतात, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणतो, पाहण्यासाठी. तसंच कायेने, वाणीने आणि मनाने केलेलं प्रत्येक कर्म पाहून पाहून करावं, असं ते सांगतात. कधी पाहायचं? तीन वेळा. करण्याआधी, करत असताना, आणि करून झाल्यावर. काय पाहायचं? यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही दुःख होणार आहे का? आधी दिसलं की दुःख होणार, तर करू नये. करताना दिसलं, तर तिथेच थांबावं. करून झाल्यावर दिसलं आणि ते कायेचं किंवा वाणीचं असेल, तर शास्त्यापुढे किंवा जाणत्या सहकाऱ्यांपुढे ते उघड करावं आणि पुढे संयम ठेवावा. ते मनातच घडलं असेल, तर त्याची लाज वाटावी, किळस यावी आणि पुढे संयम ठेवावा. आणि पाहिल्यावर कर्म कुशल दिसलं, तर आनंदात राहावं, रात्रंदिवस शिकत राहावं.

सम्राट अशोकाला हा उपदेश इतका मोलाचा वाटला, की राजस्थानातल्या बैराटला सापडलेल्या शिलालेखात, भिक्खू-भिक्खुणींनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत म्हणून त्याने जे सात धम्मपाठ सांगितले, त्यांत राहुलाला खोटं बोलण्याविषयी केलेला उपदेश आहे. तो शिलालेख आज कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आहे. म्हणजे ही केवळ लहान मुलांची गोष्ट नाही.

आता या आरशाची तुलना माझ्या मे महिन्यातल्या निबंधाशी करा. मीही आरशात पाहिलं होतं. पण मी माझा चेहरा पाहत होते. मी कशी दिसते? जिद्दी दिसते का? सुधारलेली दिसते का? राहुलाच्या आरशात चेहरा दिसत नाही. तिथे फक्त कर्म दिसतं, आणि त्याचा कोणाला त्रास झाला ते दिसतं. 'मी किती वाढले' असा प्रश्न त्या आरशात उमटतच नाही. मला वाटतं, आत्मपरीक्षण आणि आत्मप्रदर्शन यांतला फरक हाच आहे. दोन्हींत माणूस स्वतःबद्दलच बोलतो. एकात तो कृती तपासतो, दुसऱ्यात स्वतःचं चित्र रंगवतो.

इथे कोणी म्हणेल, बौद्ध विचारात तर कायम टिकणारा 'मी' मानलेलाच नाही. सगळं अनित्य, सगळं अनात्म. मग वाढलं कोण? आणि नोव्हेंबरात खोटं बोलली ती मुलगी आज आहेच कुठे? मला हा विचार त्या आठवड्यात फार सोयीचा वाटला. "ती जुनी मी होते. आता मी बदलले." आपण सगळेच कधी ना कधी असं म्हणतो.

मिलिंदपञ्हात राजा मिलिंदाने भिक्खू नागसेनांना जवळपास हेच विचारलं आहे. नागसेन दिव्याचं उदाहरण देतात. रात्रीच्या पहिल्या प्रहरी जळणारी ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत एकच नाही, पण वेगळीही नाही. रात्रभर दिवा एकच जळत होता. त्याच ग्रंथात आंबे चोरणाऱ्याचंही उदाहरण आहे. चोर म्हणतो, मालकाने जे आंबे लावले ते वेगळे, मी घेतले ते वेगळे. पण तो सुटत नाही. लावलेल्या आंब्यांपासूनच हे आंबे आले. अनात्म हे निसटायचं दार नव्हे. उलट, 'मी' नावाची घट्ट वस्तू नसून कर्मांची परंपरा आहे, असं मानलं तर प्रत्येक कर्माला जास्तच महत्त्व येतं. पहिलं वर्ष धरलं नाही, तरी दुसरं वर्ष त्याच ज्योतीवर पेटणार आहे.

मग मी काय केलं, ते सांगते. आमच्या पर्सनल ट्युटरना ईमेल केला आणि भेटले. दोन्ही गोष्टी सांगितल्या. त्यांनी शांतपणे ऐकलं. मैत्रिणीच्या निबंधाचा सांगाडा वापरल्याचं त्यांना विभागाला कळवावं लागलं. तसा नियम आहे. मैत्रिणीचं नाव सांगावं लागलं, म्हणून आधी तिच्याशी बोलले; ती आजही माझ्याशी पूर्वीसारखी बोलत नाही. तीन आठवड्यांनी निर्णय आला. तो निबंध ऑगस्टमध्ये नव्या विषयावर पुन्हा लिहायचा आणि कितीही चांगला लिहिला तरी गुण ४० च मिळणार. मी तो लिहिला. ४० मिळाले.

मात्र वाढीविषयीच्या निबंधातल्या खोट्याबद्दल काहीच झालं नाही. स्वतःविषयी खोटं लिहिलं, याला कुठलाच नियम लागू पडत नव्हता. ते ७१ गुण आजही माझ्या नावावर आहेत. दुसऱ्याचा सांगाडा उचलला तर शिक्षा आहे. स्वतःचाच खोटा सांगाडा उभा केला तर फर्स्ट क्लास आहे. यात युनिव्हर्सिटीला दोष द्यावा असं मला वाटत नाही. बाहेरचा नियम बाहेरच्या गोष्टीच धरू शकतो. उरलेलं धरायला शील लागतं.

आपण दर वंदनेला पंचशील म्हणतो. त्यातल्या प्रत्येक शीलाला पालीत 'सिक्खापद' म्हटलं आहे. सिक्खापद म्हणजे शिकण्याची पायरी. ती आज्ञा नाही. 'समादियामि' म्हणताना आपण ती पायरी स्वतःहून घेतो. सोतापन्न झालेल्यालाही धम्मात 'सेख' म्हणतात, म्हणजे अजून शिकणारा. शिकणं संपलेला 'असेख' तो फक्त अर्हत. मला हा शब्द फार धीर देऊन गेला. म्हणजे पंचशील घेणारे आपण सगळे, साठ वर्षांचे काका असोत की सहा वर्षांचं मूल, विद्यार्थीच आहोत. चुकलेला विद्यार्थी पायरीवरून पडतो, शाळेतून पडत नाही. तांब्या परत भरता येतो, तो असा.

पण एक अडचण आहे आणि ती आपल्या लोकांची खास अडचण आहे. ती टाळून हा लेख संपवला, तर तोही एक प्रकारचा खोटेपणा होईल.

चूक कबूल करायची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. माझ्या वर्गातल्या इतर मुलामुलींची चूक ही त्यांची चूक असते. आपल्या मुलाची चूक झाली, की ती कुणाच्या तरी लेखी पुरावा ठरते, की "हे लोक असेच." परदेशात येऊनही हे पूर्ण सुटत नाही, भारतीय विद्यार्थ्यांच्या घोळक्यात आडनाव विचारलं जातं तेव्हा प्रश्न का विचारला, ते आपल्याला कळतं. आजी लहानपणापासून सांगायची, "आपल्याला चुकणं परवडत नाही, बेटा." ती बरोबरच होती. तिच्या पिढीला खरंच परवडत नव्हतं. मग ज्याची चूक दुप्पट मोजली जाते, त्याने ती लपवली तर त्यात एवढं वाईट काय?

यावर मी बराच विचार केला. आणि बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या एका गोष्टीपाशी थांबले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डी.एस्सी.साठी त्यांनी सादर केलेला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी पहिल्यांदा जसाच्या तसा स्वीकारला नाही. दुरुस्त करून पुन्हा द्यायला सांगितला. बाबासाहेबांनी तो सुधारून पुन्हा सादर केला, १९२३ साली त्यांना पदवी मिळाली आणि त्याच वर्षी पुस्तक निघालं. त्यांचे प्राध्यापक एडविन केनन यांनी पुस्तकाला प्रस्तावना लिहिली आणि काही मुद्द्यांवर आपलं मत वेगळं आहे, हेही त्याच प्रस्तावनेत लिहिलं. बाबासाहेबांनी ती प्रस्तावना तशीच छापली. ज्या माणसाच्या प्रत्येक चुकीकडे कोट्यवधी लोकांविरुद्धचा पुरावा म्हणून पाहिलं गेलं असतं, त्याने आपल्याच पुस्तकाच्या पहिल्या पानांवर गुरूचा मतभेद राहू दिला. मी मात्र ५२ गुणांची फाईल पाच महिने उघडली नाही.

बाबासाहेबांची तुलना माझ्याशी करायची नाही. पण एक गोष्ट यातून कळते. विद्या, स्वाभिमान आणि शील यांना त्यांनी आपली उपास्य दैवतं म्हटलं. स्वाभिमान आणि प्रतिष्ठा यांत आपण घोळ करतो. प्रतिष्ठा दुसऱ्याच्या डोळ्यांत असते, म्हणून ती जपायला लपवावं लागतं. स्वाभिमान स्वतःच्या डोळ्यांत असतो, म्हणून लपवलं की तोच जातो. जगाने आपली चूक दुप्पट मोजावी हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध लढायलाच हवं. पण त्या भीतीने आपण आपल्याच चुकांकडे पाहायचं बंद केलं, तर त्या अन्यायाने आपली शिकण्याची शक्तीही नेली, असं होईल. तेवढं आपण त्याला देऊ नये.

कुठे उघड करायचं, याबद्दलही सुत्त शहाणपणाने बोलतं. सगळ्या जगापुढे नव्हे. शास्त्यापुढे किंवा जाणत्या सहकाऱ्यांपुढे. मनात आलेला प्रत्येक वाईट विचार बोलून दाखवायलाही ते सांगत नाही. उघड करण्याचा हेतू स्वतःला झोडपणं नाही; पुढच्या वेळी पाऊल सावरणं आहे. मीही आधी ज्यांना सांगायला हवं त्यांना सांगितलं. हा लेख सगळ्यांत शेवटी आला आहे आणि पाठवण्याआधी आई-बाबांना वाचून दाखवला आहे.

घरी सांगणं युनिव्हर्सिटीत सांगण्यापेक्षा अवघड गेलं. आई नर्स आहे. ती आधी रागावली, मग म्हणाली, "आमच्या वॉर्डात चुकीचं औषध गेलं तर पहिलं काम काय, माहीत आहे? सांगणं. पेशंटला सांगायचं, वर कळवायचं. चूक माणसाकडून होतेच, पण लपवली तर पुढच्या पेशंटलाही तीच होते." इंग्लंडमध्ये रुग्णालयांवर २०१४ पासून कायद्यानेच ही जबाबदारी आहे. आईला ती कायद्याआधीपासून माहीत होती.

बाबा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "तू ५२ सांगितले असते तर मी काही बोललो असतो, हे खरं आहे. मला खोटं सांगायची वेळ तुझ्यावर का आली, ते मलाही बघायला पाहिजे." माझे बाबा फार बोलणारे नाहीत. त्या वाक्यासाठी त्यांना दोन दिवस लागले. ते आरशात पाहत होते, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून ज्यांची मुलं यंदा युनिव्हर्सिटीत जात आहेत, त्या काका-काकूंना एक विनंती. भीमजयंतीला आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. मागच्या वर्षी माझाही झाला आणि मला त्याचा अभिमान आहे; जिथे शिकायलाच बंदी होती तिथून आलेल्या समाजाने आपल्या मुलांच्या शिकण्याचा सोहळा करायलाच हवा. तो थांबवू नका. फक्त घरी फोनवर "किती पडले?" याच्या जोडीला कधीतरी "काय अवघड गेलं?" असंही विचारा. आणि उत्तर ऐकल्यावर लगेच उपाय सांगू नका.

आणि ज्या मुलामुली सप्टेंबरात पहिल्या वर्षाला जात आहेत, त्यांना काय सांगू? मला आता वाढ म्हणजे काय, याची एक मोजपट्टी सापडली आहे, आणि तिच्यावर गुण नाहीत. राहुलाच्या आरशातले तीन क्षण आठवा : आधी, करताना, केल्यावर. नोव्हेंबरातलं माझं खोटं मला जूनमध्ये दिसलं. सात महिन्यांनी. जुलैत मावशीने फोनवर विचारलं, "पास झालीस ना सगळ्यात?" मी "हो हो, सगळं मस्त" म्हणायला सुरुवात केली आणि वाक्य अर्ध्यावर असताना दिसलं. थांबले. म्हणाले, "एक निबंध परत लिहायचा आहे, मावशी." ऑगस्टमध्ये तो निबंध लिहिताना रात्री एक वाजता एआयला मुद्द्यांचा सांगाडा विचारायला टाईप केलं होतं, पाठवण्याआधी दिसलं. लॅपटॉप बंद करून झोपले.

सात महिने, मग अर्धं वाक्य, मग पाठवण्याआधीचा एक क्षण. चूक होण्यात आणि ती दिसण्यात जे अंतर आहे, ते कमी होणं, हीच मला वाढ वाटते. ते नेहमीच कमी होतं असं नाही. परवाच एका गोष्टीत ते पुन्हा लांबलं. पण आता निदान अंतर कुठून कुठे मोजायचं, ते माहीत आहे. अभ्यासालाही हेच लागू पडतं. ज्या युक्तिवादातला कच्चेपणा मला पूर्वी सरांच्या शेऱ्यानंतर कळायचा, तो आता कधी कधी लिहितानाच कळतो. प्रज्ञा आणि शील वेगवेगळ्या खोल्यांत वाढत नसावेत.

तर पहिलं वर्ष धरत नाहीत, हे खरं आहे. युनिव्हर्सिटीने धरू नये, तेच बरं. आपण मात्र धरावं. शिक्षा म्हणून नव्हे. जे धरलं नाही त्यातून शिकताही येत नाही, म्हणून.

पुढच्या रविवारी मी धम्मवर्गात पुन्हा तोच तांब्या नेला. त्या मुलाला म्हणाले, "भरता येतो. पण आधी तो रिकामा झालाय, हे कोणाला तरी सांगावं लागतं." त्याने जरा विचार केला आणि विचारलं, "तुम्ही सांगितलं का, ताई?"

"हो," म्हणाले. या वेळी हात थरथरले नाहीत.

सर्वांचं मंगल होवो. जय भीम, नमो बुद्धाय.